लॅपटॉपला वीज ओळखता येईना, तेव्हा

लिनक्स प्रणाली अद्ययावत केल्यानंतर काही लॅपटॉपमध्ये एक चमत्कारिक दोष आढळून येतो. चार्जर जोडलेला असतो, वीजही चालू असते. परंतु पडद्यावर मात्र यंत्र बॅटरीवर चालू असल्याचे दिसते. क्वचित याच्या उलटही घडते.

हा दोष वरकरणी किरकोळ वाटला, तरी त्याचे परिणाम किरकोळ नसतात. वीज नाही असा समज झालेले यंत्र पडद्याचा उजेड घटवते आणि काम चालू असताना निद्रावस्थेत जाते. उलट, बॅटरीवर असूनही वीज मिळत असल्याचा समज झाल्यास बचतीचे उपाय लागू होत नाहीत व बॅटरी लवकर संपते. शाळेची गुणपत्रके किंवा ग्रामपंचायतीचा हिशेब जतन होण्यापूर्वी यंत्र बंद पडले, तर दिवसभराचे श्रम वाया जातात. अशा वेळी घाईने नवा चार्जर खरेदी केला जातो. दोष मात्र अनेकदा आज्ञावलीत असतो.

वर्दीचा मार्ग

चार्जर जोडल्याची वर्दी प्रथम लॅपटॉपमधील एका छोट्या नियंत्रकाला मिळते. १९९६ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘एसीपीआय’ या संकेतपद्धतीनुसार ती लिनक्सच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे, जाते. कर्नेल ती लहान फायलींच्या रूपाने मांडते. ‘यूपॉवर’ ही आज्ञावली त्या वाचते आणि तिच्या आधारे पडद्यावरील चिन्ह बदलते. या साखळीतील एक कडी निसटली, तरी चुकीचा निर्देश दिसतो.

तपासणीचा क्रम

प्रथम बॅटरीतील साठा पाहावा. ती भरलेली नसताना अर्ध्या तासात साठा वाढला, तर वीज पोहोचत आहे, वर्दी मात्र पोहोचत नाही, असे समजावे. साठा वाढत नसेल, तर दुसरा सॉकेट व त्याच क्षमतेचा दुसरा चार्जर लावून पाहावा.

त्यानंतर यंत्र पूर्णपणे बंद करून, चार्जर काढून, काही वेळाने पुन्हा सुरू करावे. अडकलेला नियंत्रक कधीकधी एवढ्यानेच ताळ्यावर येतो.

तिसरी पायरी महत्त्वाची आहे. ‘सिस’ या फोल्डरमधील ‘क्लास’ व त्यातील ‘पॉवर सप्लाय’ येथे चार्जरच्या नावाखाली ‘ऑनलाइन’ ही फाइल असते. चार्जर जोडलेला असताना तीत १ हा आकडा असावयास हवा. तेथे ० असल्यास दोष कर्नेलमध्ये किंवा त्याखालच्या कडीत आहे. १ असूनही पडद्यावर चूक दिसत असल्यास यूपॉवर किंवा चिन्ह दाखविणारी आज्ञावली तपासावी. यूएसबी-सी चार्जरच्या यंत्रात अशा नोंदी एकाहून अधिक असू शकतात. त्या सर्व पाहाव्यात.

शेवटी, यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या यादीतून पूर्वीचे कर्नेल निवडावे. त्यावर दोष नाहीसा झाला, तर कारण नव्या कर्नेलशी निगडित आहे हे उघड होते. दुरुस्ती येईपर्यंत जुन्यावर काम चालविता येते. म्हणूनच नवे नीट चालल्याची खात्री होईपर्यंत जुने कर्नेल पुसून टाकू नये. यंत्राचा नमुना व दोन्ही कर्नेलचे क्रमांक प्रणालीच्या निर्मात्यांना कळविल्यास दुरुस्ती सुलभ होते.

सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली असल्याने हाच क्रम तेथेही उपयोगी पडतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम लिहून ठेवावा. एवढी शिस्त पाळल्यास अनाठायी खर्च टळतो आणि कार्यालयाचे कामही अडून राहत नाही.