पुष्ट की निरोगी?

शास्त्रपाठ : दानीएल १:८-१६



दानीएलाच्या पहिल्या अध्यायाचा मराठी मसुदा तपासताना पंधराव्या वचनातील एका शब्दापाशी माझी लेखणी पुष्कळ वेळ थांबली. राजाची पक्वान्ने नाकारून दहा दिवस शाकान्न व पाणी घेतलेले चार तरुण कसे दिसू लागले, हे सांगताना मूळ हिब्रू लेखक ‘बारी’ हे विशेषण योजतो. हाच शब्द फारोच्या स्वप्नातील पुष्ट गाईंसाठी येतो (उत्पत्ती ४१) आणि मवाबाचा अतिस्थूल राजा एग्लोन याच्यासाठीही येतो (शास्ते ३:१७). आजच्या बोली हिब्रूत मात्र ‘बारी’ म्हणजे निरोगी. स्थूलता आणि आरोग्य यांना एकच शब्द!

आपली भाषा तरी कोठे वेगळी आहे? ‘तब्येत सुधारली’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा वजन वाढले एवढाच अर्थ असतो. येथे जबलपुरात आमचे हिंदी शेजारी ‘सेहत बन गई’ म्हणतात, त्याचाही भाव तोच. नातू गुबगुबीत दिसला की आजीला धन्य वाटते. ती त्याला बडा फुहाऱ्याची खोव्याची जिलबी आणखी एक वाढते.

या आजीला हसू नये. १८९६-९७ च्या दुष्काळात याच मध्य प्रांतातून पंडिता रमाबाईंनी शेकडो मुली वाचवून पुणे जिल्ह्यात नेल्या. आपल्यापैकी अनेक ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज दुष्काळातील अनाथालयांत वाढले. ज्यांनी उपासमार पाहिली त्यांच्या डोळ्यांना पुष्टता ही देवाची कृपाच दिसणार. आजही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे मध्य प्रदेशातील पाच वर्षांखालील शेकडा ३५ हून अधिक बालके वयाच्या मानाने ठेंगणी आहेत. कुपोषणाची भीती खोटी नाही. पण तिच्यामुळे दुसरे संकट आपल्या नजरेस पडत नाही.

ते माझ्याही नजरेस पडले नव्हते. आमच्या शब्बाथशाळेत नऊ वर्षांचा एक मुलगा येतो. त्याच्या मानेवर मागच्या बाजूस काळपट, मखमलीसारखा पट्टा होता. एके रविवारी मी सर्वांदेखत त्याला म्हणालो, “बाळा, मान नीट घासून येत जा.” मुले हसली. पुढे कळले की त्याची आई त्याची मान रोज डाळीच्या पिठाने घाशीत होती, कातडी लाल होईपर्यंत. तो मळ नव्हताच. अंगात, विशेषतः पोटाच्या आत, चरबी साठली की शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडू लागते आणि त्या अतिरिक्त इन्सुलिनाने मानेची व काखेची त्वचा जाड व काळी होते. पुढे कधीतरी स्वादुपिंड थकते. पूर्वी ज्याला प्रौढांचा मधुमेह म्हणत, तो आता शाळकरी मुलांत दिसू लागला आहे. भारत सरकारच्या २०१६-१८ च्या बालपोषण पाहणीत शाळकरी वयाच्या सुमारे दहातील एका मुलाची रक्तशर्करा मधुमेहपूर्व पातळीस पोहोचलेली आढळली.

इतर परिणामही असेच गुपचूप येतात. यकृतात चरबी साठते, पण दुखत काहीच नाही. रक्ततपासणीत किंवा सोनोग्राफीत ती सापडते. रक्तदाब वाढतो. घशाभोवतीच्या चरबीमुळे रात्री श्वास अडखळतो, मूल घोरते, झोप पुरी होत नाही आणि दिवसा वर्गात पेंगते. आपण मात्र त्याला आळशी ठरवतो. मुलींना पाळी लवकर येते. वाढत्या वयात मांडीच्या हाडाचे डोके आपल्या जागेवरून सरकू शकते; अशा वेळी दुखते पुष्कळदा गुडघ्यात, आणि खरे दुखणे खुब्यात असते. लंगडणाऱ्या स्थूल मुलाला नुसते तेल चोळीत बसू नये.

पण मूल दिसायला स्थूल असेल तरच काळजी करावी, असेही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवती माता व त्यांच्या बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी फार कमी भरली; परंतु पाठीच्या त्वचेखालची चरबी त्यांनी त्या मानाने राखून ठेवली होती. हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आपली मुले बारीक दिसूनही आतून चरबीयुक्त असू शकतात. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली आपल्या मुलांसाठी अधिक कडक मोजमापे ठरवली.

मराठीत एक सुंदर शब्द आहे : बाळसे. तान्हे मूल बाळसे धरते, आणि चालू-धावू लागले की ते उतरते. पाच-सहा वर्षांचे मूल सडसडीतच दिसते. देवाने घातलेला हा क्रम आहे. ‘मूल वाळले’ म्हणून याच वयात तूप-साखरेचा मारा केला, तर जी चरबी पुढे यायची ती अकालीच परत येते.

दानीएलाचे उदाहरण देऊन मुलांवर शाकाहाराची सक्ती करावी, असे मी म्हणत नाही. तेथे प्रश्न निष्ठेचा होता, पथ्याचा नव्हे. तसेच स्थूल मुलाला खादाडपणाचे पाप शिकवू नये. ‘खादाड’ हा आरोप तर प्रत्यक्ष प्रभूवरही झाला होता (मत्तय ११:१९). मूल बाजारहाट करत नाही, आपण करतो. आमच्या शब्बाथशाळेत वचने पाठ करणाऱ्याला बक्षीस म्हणून थंड पेयाची बाटली मिळे. तीनशे मिलिलिटरच्या अशा बाटलीत सात-आठ चमचे साखर असते. शाळेच्या आवारात व सभोवती पन्नास मीटरपर्यंत असे पदार्थ विकू नयेत, असा केंद्राचा नियम २०२० पासून आहे. मंडळीच्या अंगणाला तो लागू नसेल, पण आम्ही स्वतःच लावून घेतला.

घरी पाहण्यासाठी एक साधा दोरा पुरे. सहा वर्षांवरील मुलाच्या उंचीइतका दोरा घ्या, दुमडून निम्मा करा आणि कमरेभोवती गुंडाळा. टोके जुळली नाहीत तर डॉक्टरांना दाखवा. वाढत्या वयाचा एक मोठा दिलासा असा, की पुष्कळदा वजन उतरवावे लागत नाही. ते आहे तेथे थोपवले तरी वाढती उंची उरलेले काम करते.

त्या मुलाच्या घरी जाऊन मी त्याची क्षमा मागितली; ती मागणे मला सोपे गेले नाही. त्याच्या घरी आता संध्याकाळचे थंड पेय बंद आहे, जेवताना दूरदर्शन बंद असते, आणि वडील त्याच्याबरोबर रोज तासभर मैदानात असतात. वर्षभरात उंची वाढली, वजन जवळजवळ तेवढेच राहिले. मानेवरचा पट्टा पुसट झाला आहे, गेलेला नाही.

पंधराव्या वचनात मी तूर्त ‘अंगाने भरलेले’ असे लिहिले आहे. ‘निरोगी’ हा शब्द समितीच्या बैठकीपर्यंत समासात पेन्सिलीने टिपून ठेवला आहे.