मॅलॅथिऑन किड्यांस मारतें, गुरांस कां सोसतें?

किडा लहान व बैल मोठा, म्हणून एकाच औषधानें किडा मरतो व बैल वांचतो, असें पुष्कळांस वाटतें. हें कारण अपुरें आहे. वजनाच्या मानानें हिशेब केला तरी पॅराथिऑन उंदरास किलोमागें थोड्याच मिलिग्रॅमांत मारतें. १९५० सालीं बाजारांत आलेल्या मॅलॅथिऑनास हजारांवर मिलिग्रॅम लागतात. दोन्ही औषधें एकाच घराण्यांतील, मग हा भेद कशाचा?

तो रेणूच्या घडणीचा होय. दोहोंतही स्फुराच्या परमाणूस गंधकाचा परमाणु दुहेरी बंधानें जोडलेला असतो. शरीरांत गंधकाच्या जागीं प्राणवायु बसतो, तेव्हां खरें जालीम विष तयार होतें. मज्जातंतूंचा संदेश वेळींच थांबविणारें एक विकर, म्हणजे क्रिया घडविणारें द्रव्य, असतें. त्यासच हें विष जखडतें. मग लाळ गळते, स्नायु थरथरतात, शेवटीं श्वास कोंडतो. येथवर किडा व बैल यांची गत सारखीच.

परंतु मॅलॅथिऑनच्या रेणूस दोन शेपट्या अधिक आहेत; त्यांस कार्बॉक्सिल इस्टर म्हणतात. त्या तोडणारें विकर जनावरांच्या यकृतांत विपुल असतें. एक शेपटी तुटली कीं द्रव्य आम्लरूप होऊन मूत्रावाटें निघून जातें. बहुतेक किड्यांत हें विकर अल्प असतें. पॅराथिऑनास त्या शेपट्याच नाहींत, म्हणून तेथें यकृताचें हें हत्यार चालत नाहीं. (मॅलॅथिऑनास न जुमानणाऱ्या कित्येक किड्यांत हेंच विकर वाढलेलें आढळलें आहे. शत्रूही शहाणा होतो!)

मात्र ही ढाल निकामी होऊं शकते. औषध उष्णतेंत फार दिवस राहिल्यास रेणूंतील एक मेथिल गट प्राणवायूवरून गंधकावर सरकतो व आयसोमॅलॅथिऑन बनतें. तें यकृतांतील त्याच विकरास बंद पाडतें. १९७६ सालीं पाकिस्तानांत हिवतापाच्या डांसांवर फवारणी करणाऱ्या सुमारें ७,५०० लोकांपैकीं सुमारें २,८०० लोकांस विषबाधा झाली व निदान ५ जण दगावले. त्यांच्या औषधांत आयसोमॅलॅथिऑन निघालें. काम करतांना अंगावर औषध सांडण्याची ढिलाईही होतीच. ईपीएन नांवाचें दुसरें कीटकनाशक सोबत दिल्यास कुत्र्यांत व उंदरांत मॅलॅथिऑनचा जोर दोहोंच्या बेरजेहून कितीतरी पट वाढतो, हें १९५७ सालींच प्रसिद्ध झालें होतें.

म्हणून पत्र्याखालीं उन्हाळाभर तापलेला किंवा मुदत उलटलेला डबा गोठ्यांत वापरूं नये, व शेजाऱ्याच्या सांगण्यावरून दोन औषधें एकत्र कालवूं नयेत. जनावर लाळ गाळून थरथरूं लागल्यास पशुवैद्यास तो डबाच नेऊन दाखवावा. अ‍ॅट्रोपिन हा त्यावरील उतारा आहे, परंतु मात्रा त्यानेंच ठरवावयाची.