फी नाही, पण खर्च आहे!

ताई-मावशींनो, “जर्मनीत शिक्षण फुकट, मुलीला पाठवा,” असं कुणी एजंट सांगत आला, तर आधी हा हिशोब मांडा.

फी : तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते, हे खरं. पण सगळीकडे नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्या मुलांना दर सहामाहीला १,५०० युरो भरावे लागतात.

राहणं-खाणं : हे आपल्याच पैशानं. सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये दाखवता येतात. युरो १०० रुपयांचा धरला तर जवळपास १२ लाख! हे खातं मुलीच्याच नावावर असतं. तिथं पोचल्यावर त्यातूनच तिला दरमहा ९९२ युरो खर्चाला मिळतात. म्हणून ही रक्कम एजंटच्या खात्यात कधीच टाकू नका.

पैसा : एवढी रक्कम गटाच्या कर्जातून उभी राहत नाही. बँकेत शैक्षणिक कर्ज विचारा. अनुसूचित जातीतल्या मुलामुलींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. त्याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

पुढच्या बैठकीला हा हिशोब वहीत लिहून आणा. मुलीला नाही म्हणायचं नाही, पण हिशोबाशिवाय सहीही करायची नाही!