कातकरी : बाहेरच्यांनी रेखाटलेले रूप

परिसराच्या पाठात आदिवासींचा विषय निघाला की पुष्कळ वर्गांत दृष्टी एकदम दूर जाते. नागा म्हणजे भाले, पिसे व शत्रूची मुंडकी, एवढेच चित्र मुलांपुढे उभे राहते. वास्तविक अंगामी, आओ, कोन्याक अशा भिन्न भाषा बोलणाऱ्या अनेक जमातींना बाहेरच्यांनी दिलेले ते समाईक नाव होय. पुढे त्यांनीच ते आपलेसे केले व १९६३ साली नागालँड राज्य झाले. फ्यूरर-हायमेन्डॉर्फ या संशोधकाने १९३९ साली आपल्या पुस्तकास ‘नग्न नागा’ असे नाव दिले. आत अभ्यास आहे; पण न वाचणाऱ्याच्या मनात राहते ते नावच.

बदलापूरच्या आसपासच्या कातकरी वाड्यांविषयी हेच घडले आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी किंवा काथोडी. म्हणजे नाव धंद्यावरून पडले. जंगल सरकारी झाले, धंदा गेला, नाव राहिले. मग कोळसा पाडणे, लाकूडतोड व मजुरी नशिबी आली. इंग्रजी अमदानीतील लिखाणात त्यांची दारू व त्यांचे उंदीर खाणे आवर्जून येते. हातचे जंगल कोणी काढून घेतले, याची चौकशी क्वचितच आढळते.

बदलापूर गावाला ना. गो. चापेकर लाभले. ‘आमचा गाव बदलापूर’ या ग्रंथाने गावाचे वर्णन गावच्याच माणसाने केले. वाडीला असा लेखक लाभला नाही.

स्नेहसंमेलनात ‘आदिवासी नृत्य’ म्हणून मुलांच्या कमरेस पाने बांधतात व तोंडास काळे फासतात. समोर कातकरी आईबाप बसलेले असतात. असा वेष त्यांच्यापैकी कोणाच्या घरी नसतो. हजेरीपटातील शेराही असाच. पावसाळा सरल्यावर उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्टीवर जातात, मुलेही जातात, आणि ‘पालकांस शिक्षणाची आवड नाही’ असे लिहिले जाते. तेथे ‘वीटभट्टीवर स्थलांतर’ असे लिहावे. म्हणजे मूल कोठे आहे हे तरी कळेल व भट्टीजवळच्या शाळेत त्याची सोय पाहता येईल.

पाठ घेताना कातकरी मुलांकडून उल्हास नदीतील मासे, रानातील कंद व भाज्या यांची घरची नावे विचारावीत. ती अशुद्ध म्हणून खोडू नयेत; फळ्यावर प्रमाण नावाशेजारी लिहावीत. एखादा मासा शिक्षकास ओळखू येणार नाही, तेव्हा मुलाच्या आजीस शाळेत बोलवावे आणि तिने सांगितलेली माहिती तिच्या नावानिशी वर्गाच्या वहीत उतरवून घ्यावी.