एक यंत्र आणि अनेक माणसें : दूरस्थ संगणकाच्या परवान्यांचा हिशेब

शाळेंत संगणकांची खोली असणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. परंतु त्या खोलींतील यंत्रें जुनीं झालीं म्हणजे तीं सर्वच नवीं घेण्याइतका पैसा पुष्कळ शाळांजवळ नसतो. अशा वेळीं एक चांगला उपाय योजतां येतो. एकच बलवान् यंत्र विकत घ्यावें, सर्व काम त्याच्यावर चालवावें, आणि जुन्या यंत्रांनीं केवळ त्या मोठ्या यंत्राचें चित्र आपल्या पडद्यावर दाखवावें व विद्यार्थ्याच्या बोटांचे ठोके त्याच्याकडे पोंचवावे. या मोठ्या यंत्रास सर्व्हर असें नांव आहे, व या व्यवस्थेस रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून वापरावयाचा संगणक, असें म्हणतात. ही व्यवस्था उभी करणें फारसें अवघड नाहीं. अवघड आहे तो तिच्या परवान्यांचा हिशेब. तो चुकला तर शाळेचा पैसा व्यर्थ जातो, किंवा ऐन परीक्षेच्या दिवसांत खोलीला जणूं कुलूप लागतें. म्हणून या लेखांत त्या हिशेबाचाच विचार करावयाचा आहे.

पूर्वपीठिका

एका यंत्रावर अनेकांनीं एकाच वेळीं काम करावें ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. १९६१ मध्यें अशी पद्धति करून दाखविली. त्या काळीं यंत्रें अतिशय महाग असल्यामुळें त्यांचा वेळ वांटून घेणें भागच होतें. पुढें छोटे संगणक घरोघरीं आले आणि प्रत्येकाचें यंत्र वेगळें झालें. विंडोज ही प्रणाली अशाच एकट्या माणसाच्या यंत्रासाठीं रचलेली होती. सिट्रिक्स या कंपनीनें ती अनेकांना एकदम वापरतां येईल असें तंत्र तयार केलें, आणि त्याच्या आधारें मायक्रोसॉफ्टनें इ. स. १९९८ मध्यें विंडोज एन. टी. ४.० ची ‘टर्मिनल सर्व्हर’ आवृत्ति काढली. इ. स. २००९ मध्यें या सेवेचें नांव बदलून ‘रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस’ असें ठेवण्यांत आलें.

येथेंच परवान्याचा प्रश्न उत्पन्न झाला. जोंपर्यंत एका यंत्रापुढें एकच माणूस बसत होता, तोंपर्यंत प्रत्येक यंत्रामागें एक किंमत घेणें पुरेसें होतें. परंतु एकाच यंत्रावर शंभर माणसें काम करूं लागलीं, तर विकणाऱ्यानें किंमत एकाचीच घ्यावी काय? यासाठीं वापरणाऱ्यांची गणना करून परवाने देण्याची पद्धति निघाली. या परवान्यास आर. डी. एस. कॅल असें म्हणतात.

एकूण तीन गोष्टींचे परवाने लागतात, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. पहिला, सर्व्हरवरील विंडोज प्रणालीचा. दुसरा, त्या सर्व्हरची कोणतीहि सेवा घेण्याचा साधा कॅल. तिसरा, त्याच्या पडद्यावर दुरून काम करण्याचा आर. डी. एस. कॅल. तिसरा घेतला म्हणून दुसरा माफ होत नाहीं. मात्र यंत्राची देखभाल करण्यापुरत्या दोन व्यक्तींना एका वेळीं या तिसऱ्या परवान्यावांचून आंत जातां येतें. ही सवलत केवळ व्यवस्थापनासाठीं आहे. तिचा उपयोग वर्ग चालविण्यासाठीं करूं नये.

परवान्याचे दोन प्रकार

हा परवाना दोन प्रकारचा असतो. एक ‘पर डिव्हाइस’, म्हणजे यंत्रावरचा; दुसरा ‘पर यूजर’, म्हणजे माणसावरचा. त्यांतील भेद एका परिचित दृष्टांतानें समजेल. पूर्वीं आपल्याकडील नगरपालिका सायकलीवर कर घेऊन पत्र्याचा बिल्ला देत असत. बिल्ला सायकलीला लावलेला असे. मग तिच्यावर बाप बसो वा मुलगा बसो, बिल्ला एकच पुरे. उलट आगगाडीचा पास माणसाच्या नांवाचा असतो. तो माणूस सकाळच्या गाडीनें जावो वा संध्याकाळच्या, पास त्याच्याबरोबर असतो. पण त्या पासावर त्याच्या भावाला जातां येत नाहीं. यंत्रावरचा परवाना हा सायकलीचा बिल्ला होय, आणि माणसावरचा परवाना हा आगगाडीचा पास होय.

येथें एक गैरसमज फार आढळतो. ‘आमच्याकडे एका वेळीं चाळीसच जण बसतात, तेव्हां माणसांवरचे चाळीस परवाने पुरतील,’ असें कित्येकांना वाटतें. हें खरें नव्हे. एका वेळीं किती जण बसले याची ही गणना नाहीं; एकंदर किती वेगवेगळीं माणसें त्या सर्व्हरचा उपयोग करतात, याची ही गणना आहे.

हिशेबाचें उदाहरण

समजा, एका शाळेंत संगणकाच्या खोलींत ४० यंत्रें आहेत व ६०० विद्यार्थी पाळीपाळीनें तेथें येतात. यंत्रावरचे परवाने घेतले तर ४० लागतील. माणसांवरचे घेतले तर ६०० लागतील. एकच काम, एकच खोली; परंतु निवड चुकली तर परवाने पंधरा पट घ्यावे लागतात.

आतां त्याच शाळेंत १२ शिक्षक आहेत असें समजा. प्रत्येक शिक्षक शाळेंतील आपल्या यंत्रावरून, घरच्या संगणकावरून व हातांतील फोनवरून, अशा तीन यंत्रांवरून काम करतो. त्यांच्यासाठीं यंत्रावरचे परवाने घेतले तर १२ × ३ म्हणजे ३६ लागतील. माणसांवरचे घेतले तर १२ पुरतील. म्हणजे विद्यार्थ्यांना जो प्रकार स्वस्त, तोच शिक्षकांना महाग पडतो. यावरून नियम असा निघतो : यंत्रें थोडीं व माणसें पुष्कळ, तर यंत्रावरचा परवाना घ्यावा, माणसें थोडीं व त्यांचीं यंत्रें पुष्कळ, तर माणसावरचा घ्यावा.

ज्या सर्व्हरवर प्रत्यक्ष काम चालतें त्यास ‘सेशन होस्ट’ म्हणतात. एका सेशन होस्टची परवाना-पद्धति एकच ठेवावी लागते. म्हणून एकाच सर्व्हरवर सर्वांची सोय केली तर यंत्रावरचे ४० + ३६ म्हणजे ७६ परवाने लागतील. दोन वेगळे सेशन होस्ट केले, तर ४० + १२ म्हणजे ५२ पुरतील. वांचलेल्या २४ परवान्यांची किंमत अधिक, कीं दुसऱ्या सर्व्हरचा खर्च अधिक, हें ज्या त्या शाळेनें कागदावर मांडून पाहावें.

मांडणीचा क्रम

परवान्यांची संख्या ठरली म्हणजे मांडणी पुढील क्रमानें करावी.

१. सर्व्हर मॅनेजरमधून ‘रिमोट डेस्कटॉप लायसेन्सिंग’ ही भूमिका बसवावी. जो सर्व्हर परवाने जवळ ठेवतो व वांटतो, तो लायसेन्स सर्व्हर होय. लहान शाळेंत तो व सेशन होस्ट हे एकाच यंत्रावर असूं शकतात.

२. ‘आर. डी. लायसेन्सिंग मॅनेजर’ उघडून लायसेन्स सर्व्हर मायक्रोसॉफ्टकडे नोंदवून घ्यावा. इंटरनेटची जोडणी असल्यास हें काम आपोआप होतें. तशी जोडणी त्या सर्व्हरला नसेल, तर दुसऱ्या संगणकावरून संकेतस्थळाच्या द्वारें तें करतां येतें.

३. त्यानंतर विकत घेतलेले परवाने त्यांत भरावे. दुकानांतून घेतलेल्या परवान्यांबरोबर २५ अक्षरांचा संकेत मिळतो; करारानें घेतलेल्यांचा करार-क्रमांक असतो. हा संकेत व खरेदीचें बिल शाळेच्या कचेरींतील नोंदवहींत अवश्य उतरून ठेवावें. यंत्र बिघडल्यावर परवाने पुन्हां उभे करतांना हाच आधार असतो, आणि तें काम करणारे शिक्षक तोंवर बदलून गेलेले असूं शकतात.

४. आतां सेशन होस्टला दोन गोष्टी सांगाव्या लागतात : लायसेन्स सर्व्हर कोणता, आणि पद्धति यंत्रावरची कीं माणसावरची. या दोन्ही आज्ञा ‘ग्रुप पॉलिसी’मध्यें रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टच्या ‘लायसेन्सिंग’ या सदरांत देतां येतात. भरलेले परवाने एका प्रकारचे व सांगितलेली पद्धति दुसऱ्या प्रकारची, असा विसंवाद झाला तर परवाने असूनहि ते उपयोगी पडत नाहींत.

५. शेवटीं ‘आर. डी. लायसेन्सिंग डायग्नोझर’ हें साधन चालवून पाहावें. कांहीं उणें राहिलें असल्यास तें स्पष्ट शब्दांत सांगतें.

आणखी दोन सूचना आवश्यक आहेत. पहिली आवृत्तीविषयीं. नव्या आवृत्तीचा परवाना जुन्या सर्व्हरवर चालतो, पण जुन्या आवृत्तीचा परवाना नव्या सर्व्हरवर चालत नाहीं. विंडोज सर्व्हर २०१९ चे परवाने २०१६ च्या सेशन होस्टला चालतील. २०२२ च्या सेशन होस्टला चालणार नाहींत. शिवाय लायसेन्स सर्व्हर हा त्यांत भरलेल्या परवान्यांच्या आवृत्तीचा किंवा तिच्याहून नवा असावा लागतो.

दुसरी सूचना माणसावरच्या परवान्यांविषयीं. त्यांची नोंद ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ या वापरकर्त्यांच्या सामाईक नोंदवहींत होते, आणि ती करतां यावी म्हणून लायसेन्स सर्व्हरला ‘टर्मिनल सर्व्हर लायसेन्स सर्व्हर्स’ या गटाचा सभासद करावें लागतें. सेवेचें नांव बदललें तरी गटाचें जुनें नांव तसेंच राहिलें आहे. ज्या शाळेंत अशी सामाईक नोंदवही नाहीं, तिनें यंत्रावरचेच परवाने घ्यावे. विंडोज सर्व्हर २०१९ पासून, नोंदवही नसतां माणसावरची पद्धति लावली, तर सूचना देऊन ६० मिनिटांनीं काम तोडलें जातें.

एकशेंवीस दिवसांची सवलत

सेशन होस्ट नव्यानें उभा केल्यावर १२० दिवसपर्यंत तो परवान्यावांचून चालतो. ही सवलत व्यवस्था पारखून पाहण्यासाठीं आहे. परंतु तीच अनेकांना फसविते. सर्व कांहीं सुरळीत चाललें आहे असें पाहून परवान्याची गोष्ट मागें पडते. समजा, नव्या वर्षाच्या आरंभीं, १५ जून रोजीं, ही मुदत सुरू झाली. १२० दिवस मोजले तर ती १३ ऑक्टोबरला संपते, म्हणजे सहामाही परीक्षेच्या सुमारास. त्या दिवसानंतर जो विद्यार्थी येईल त्यास, परवाना देणारा सर्व्हर उपलब्ध नाहीं, एवढाच निरोप पडद्यावर दिसेल. त्या आदल्या दिवसापर्यंत कोणताहि दोष दिसलेला नसतो, म्हणून गडबड अधिकच होते. तेव्हां सर्व्हर उभा केला त्याच दिवशीं मुदतीची अखेरची तारीख कचेरींतील भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहून ठेवावी.

पहारा असलेलें दार व नसलेलें दार

आतां या विषयांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यंत्रावरच्या परवान्यांवर कडक पहारा असतो. नवें यंत्र प्रथम आलें म्हणजे त्यास ९० दिवसांचा तात्पुरता परवाना मिळतो. पुढच्या वेळीं तें आलें म्हणजे शिल्लक असल्यास पक्का परवाना मिळतो. पक्क्या परवान्यालाहि ५२ ते ८९ दिवसांची मुदत असते व यंत्र येत राहिलें तर ती वाढत जाते. यंत्र मोडून अडगळींत गेलें तर त्याचा परवाना आपोआप परत येतो. घाई असल्यास चालकाला एका आवृत्तीचे २० टक्क्यांपर्यंत परवाने एका वेळीं परत घेतां येतात. परवाने संपले व तात्पुरती मुदतहि सरली, कीं त्या यंत्राला दार उघडत नाहीं.

माणसावरच्या परवान्यांचें तसें नाहीं. बारा परवाने घेतले व तेरावा शिक्षक आला, तरी रीतसर मांडलेल्या व्यवस्थेंत सर्व्हर त्यास अडवीत नाहीं. तो केवळ नोंद करतो. विसावा आला तरी दार उघडेंच असतें. परंतु दार उघडें आहे याचा अर्थ आंत जाण्याचा हक्क मिळाला, असा होत नाहीं. करार बाराचा आहे, आणि तेराव्यापासून पुढें तो मोडला जात आहे. येथें पहारेकरी यंत्र नसून सर्व्हर सांभाळणारा माणूस हाच पहारेकरी आहे. त्यानें दर महिन्याला लायसेन्सिंग मॅनेजरमधून वापराचा अहवाल काढावा, संख्या जुळवून पाहावी व उणें असल्यास मुख्याध्यापकांस लेखी कळवावें.

१२० दिवसांची मुदत संपल्यावर प्रणालीतील एक नोंद पुसून ती पुन्हां पहिल्यापासून सुरू करण्याची युक्तिहि पुष्कळांना ठाऊक असते. ती हुशारी नव्हे. ज्या खोलींत मुलांनीं परीक्षेंत नक्कल करूं नये असें आपण शिकवितों, तिचाच पाया खोट्या मुदतीवर उभारणें शोभत नाहीं. आणि मुलांच्या नजरेंतून असलें कांहीं सुटत नाहीं.

पैसाच नसेल तर काय करावें? त्यालाहि सरळ मार्ग आहे. प्रथम, शिक्षणसंस्थांसाठीं वेगळे सवलतीचे दर असतात, ते विचारावे. तेहि परवडले नाहींत, तर लिनक्स ही मुक्त प्रणाली आहे. तिच्यावर एल. टी. एस. पी. किंवा एक्स. आर. डी. पी. यांच्या साह्यानें अनेकांना एका सर्व्हरवर काम करतां येतें, आणि तेथें माणसागणिक वा यंत्रागणिक परवाना लागत नाहीं. शिकण्याचा श्रम थोडा अधिक पडतो. परंतु तो श्रम म्हणजेच शिक्षण होय.

सारांश, यंत्रें मोजावीं, माणसें मोजावीं, दोन्ही संख्या शेजारीं मांडाव्या, आणि मगच परवाने विकत घ्यावे. मोजणी अर्ध्या तासाची आहे. तिचा लाभ वर्षानुवर्षें मिळतो.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. एका कचेरींत ३० यंत्रें असून तीन पाळ्यांत मिळून ९० कारकून त्यांवर काम करतात. कोणते परवाने घ्यावे व किती?

२. १५ निरीक्षकांपैकीं प्रत्येकाजवळ कचेरींतील एक व घरचा एक असे दोन संगणक आहेत. कोणते परवाने घ्यावे व किती?

३. एका शाळेजवळ २०१६ चे ४० परवाने आहेत व तिनें २०२२ चा सेशन होस्ट घेतला आहे. ते परवाने चालतील काय?

उत्तरें : (१) यंत्रावरचे ३०. (२) माणसावरचे १५. (३) नाहीं, सेशन होस्टच्या आवृत्तीचे किंवा तिच्याहून नवे परवाने घ्यावे लागतील.