तोंडी पाणी देण्यापूर्वी

आजारी, एकाकी भिक्खूला तथागतांनी आनंदांसह स्वतः आंघोळ घातली, ही कथा ‘महावग्गा’त आहे. परंतु शुश्रूषेला करुणेबरोबर प्रज्ञाही लागते.

आमच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा डॉक्टरांनी पाणी देण्यास मनाई केली. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली लाठ्या झेललेल्या समाजाला हे शब्द जड जातात. आम्ही मायेने दोन घोट पाजले. ठसका लागला, पुढे न्युमोनिया झाला.

अर्धांगानंतर सुमारे निम्म्या रुग्णांचे गिळणे बिघडते. पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत शिरते. म्हणून तपासणी होईपर्यंत गोळीसुद्धा तोंडाने देऊ नये. तपासताना प्रथम रुग्ण पूर्ण शुद्धीवर आहे ना, ताठ बसतो ना, खोकू शकतो ना, हे पाहतात. मग चमचाभर पाणी देऊन गळ्याची घाटी वर सरकते का, हे बोटांनी चाचपतात. खोकला, धाप किंवा ओलसर, घोगरा आवाज आल्यास तेथेच थांबतात. काहींना पाणी श्वासनलिकेत जाऊनही ठसका लागत नाही. शंका असल्यास गिळतानाचा व्हिडिओ एक्स-रे काढतात.

तोवर ओल्या, पिळलेल्या फडक्याने ओठ व तोंड पुसावे. तहानलेल्यापाशी धीर धरून बसणे हीही सेवाच आहे.