घोषणा आणि वस्तू : व्हिडिओ गेमच्या नव्या यंत्रांविषयी काही विचार

— तृतीय वर्ष, कला

नव्या कादंबरीची जाहिरात वाचून कोणी तिचे परीक्षण लिहीत नाही. नाटकाचा फलक पाहून प्रयोग रंगला, असेही कोणी म्हणत नाही. व्हिडिओ गेमच्या जगात मात्र हे सर्रास घडते. खेळ तयार होण्याच्या कित्येक वर्षे आधी त्याची घोषणा होते, दोन मिनिटांची चित्रफीत दाखवली जाते आणि तेवढ्यावर स्तुती, निंदा, आगाऊ खरेदी असे सारे काही उरकते. म्हणूनच, खेळाइतकाच त्याच्या घोषणेचाही अभ्यास व्हायला हवा, असे माझ्यासारख्या खेळणाऱ्याला वाटते.

प्रथम थोडा खुलासा. कन्सोल म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळ खेळण्याचे यंत्र. एका कंपनीच्या यंत्रासाठी काढलेली तबकडी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालत नाही आणि काही गाजलेले खेळ तर एकाच यंत्रावर मिळतात. त्यामुळे यंत्र घेणारा केवळ वस्तू विकत घेत नाही. पुढील पाच-सात वर्षांत कोणते खेळ येतील याविषयीचा विश्वास विकत घेतो. त्या विश्वासाला आधार असतो तो घोषणेचाच.

घोषणेचे सामर्थ्य

मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिस येथे ‘ई-थ्री’ हे प्रदर्शन प्रथमच भरले. सेगा कंपनीचे ‘सॅटर्न’ हे यंत्र अमेरिकेत २ सप्टेंबरला येणार होते. पण सेगाच्या अमेरिकेतील शाखेचे प्रमुख टॉम कालिन्स्के यांनी तेथे जाहीर केले, की यंत्र आजच निवडक दुकानांत आले असून किंमत ३९९ डॉलर आहे. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, ‘२९९’ एवढाच आकडा उच्चारला आणि खाली उतरले. सोनीचे ‘प्लेस्टेशन’ बाजारात यायला अजून चार महिने होते. तरी त्या दिवसाची चर्चा त्याचीच झाली. पुढे प्लेस्टेशनची विक्री दहा कोटींवर गेली, सॅटर्नला एक कोटीचा पल्लाही गाठता आला नाही. हे सारे त्या एका आकड्याने घडले असे नव्हे; परंतु ग्राहकाला थांबण्याचे कारण त्या आकड्याने दिले, हे खरे.

चार वर्षांनी हाच प्रकार अधिक कठोरपणे घडला. सेगाचे ‘ड्रीमकास्ट’ नोव्हेंबर १९९८ मध्ये जपानात विक्रीस आले. मार्च १९९९ मध्ये सोनीने ‘प्लेस्टेशन २’ची घोषणा केली, प्रत्यक्ष यंत्र मार्च २००० मध्ये आले. मधल्या वर्षभरात पुष्कळ ग्राहकांनी हातातील पैसे हातातच ठेवले. जानेवारी २००१ मध्ये सेगाने यंत्रनिर्मिती थांबवत असल्याचे जाहीर केले. चांगल्या खेळांनी भरलेले एक यंत्र मागे पडले, त्याला सेगाच्या जुन्या चुका जशा कारण झाल्या तशी न आलेल्या यंत्राची प्रतीक्षाही.

घोषणेच्या मर्यादा

सामर्थ्य आहे तेथे दुरुपयोगही आला. २००५ च्या ई-थ्रीमध्ये ‘किलझोन २’ या खेळाची डोळे दिपवणारी चित्रफीत दाखवली गेली. ती यंत्रावर चालणाऱ्या खेळाची नसून आधी स्वतंत्रपणे तयार केलेली होती, हे नंतर उघड झाले. खेळ आला तो २००९ मध्ये. ‘सायबरपंक २०७७’ची घोषणा २०१२ ची आणि प्रकाशन १० डिसेंबर २०२० चे. इतकी वर्षे वाट पाहूनही जुन्या यंत्रांवर तो इतका सदोष चालला, की सोनीने आठवड्याभरातच तो आपल्या दुकानातून काढला. तो परत आला जून २०२१ मध्ये.

याच्या उलट उदाहरणही द्यायला हवे. निन्टेन्डोने २०१७ मध्ये ‘मेट्रॉइड प्राइम ४’चे केवळ बोधचिन्ह दाखवले. २०१९ च्या जानेवारीत मात्र कंपनीने स्वतःच सांगितले, की झालेले काम समाधानकारक नसल्याने सारे पुन्हा आरंभापासून करीत आहोत. खेळ डिसेंबर २०२५ मध्ये आला. विलंब हा दोष असेल, परंतु तो उघडपणे मान्य करणे हा वाचकाशी, अर्थात ग्राहकाशी, राखलेला प्रामाणिकपणा आहे.

खेळणाऱ्यांचा आवाज

ग्राहक अगदीच दुबळा असतो असे नाही. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स वन’ची घोषणा झाली तेव्हा दर चोवीस तासांनी एकदा यंत्र इंटरनेटला जोडण्याची अट होती आणि जुने खेळ दुसऱ्यास देण्या-विकण्यावर बंधने होती. खेळणाऱ्यांनी प्रखर विरोध केला. सोनीने आपल्या यंत्रावर अशी बंधने नसल्याचे सांगून १०० डॉलर कमी किंमत जाहीर केली. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने दोन्ही अटी मागे घेतल्या. मित्राकडून खेळ मागून आणणाऱ्या विद्यार्थ्याला या घटनेचे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

आजची स्थिती

ई-थ्री प्रदर्शन कायमचे बंद झाल्याचे डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाले. आता कंपन्या प्रामुख्याने स्वतःच तयार केलेल्या चित्रफितींतून बोलतात. एकाच दिवशी, एकाच व्यासपीठावर प्रतिस्पर्ध्याने उत्तर देण्याचे प्रसंग त्यामुळे दुर्मिळ झाले. ‘स्विच २’चे दर्शन जानेवारी २०२५ मध्ये घडले, किंमत एप्रिलमध्ये कळली आणि ५ जूनला यंत्र विक्रीस आले. २०१७ चे मूळ यंत्र अमेरिकेत सुमारे ३०० डॉलरला होते, नवे सुमारे ४५० डॉलरला. तरीही जुन्या यंत्राचे बहुतेक खेळ नव्यावर चालतात, ही त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट होय, असे माझे मत आहे. जुना संग्रह निरुपयोगी न करणारे यंत्र मला अधिक झगमगीत चित्रांपेक्षा मोठे वाटते.

आपल्याकडे आणखी एक विचार करावा लागतो. ‘प्लेस्टेशन ५’ अमेरिका व जपानमध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये आले. भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी, तबकडी चालणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये. घोषणेतील तारीख आणि डॉलरचा आकडा पुष्कळदा आपल्यासाठी नसतोच.

तेव्हा कोणत्याही घोषणेला चार प्रश्न विचारावेत. दाखवले ते प्रत्यक्ष यंत्रावर चालत होते काय? तारीख आणि किंमत दोन्ही सांगितल्या काय? आपल्याजवळचे खेळ त्यावर चालतील काय? आणि विकत घेतलेला खेळ दुसऱ्यास देता येईल काय? उत्तरे मिळेपर्यंत आगाऊ पैसे भरू नयेत. उत्सुकता बाळगण्यात काही गैर नाही. स्वप्ने पाहिल्याशिवाय खेळ तरी कसे निर्माण होणार? पण स्वप्न दाखवणाऱ्याने त्याचे मोल आधीच मागितले, तर ते देण्यापूर्वी वस्तू पाहण्याचा हक्क आपला आहे.